झालं कल्याण!

मराठी माणसाला कुणाला झोडपायचं असेल तर वाईट शब्द लागतात, हा एक गैरसमज आहे. वाईट शब्द रस्त्यावर लागतात. मागचा मोटारवाला सिग्नल हिरवा व्हायच्या आतच हॉर्न वाजवू लागला की ते आपोआप तोंडात येतात. घरात मात्र आपण एकमेकांना देव्हाऱ्यातल्या शब्दांनी झोडपतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. परवा त्यांच्या नातवाने फ्रिजमधलं ताकाचं पातेलं एका हाताने काढायचा प्रयत्न केला. नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून ताक जिन्यापर्यंत आलं आणि त्याच्या पाठोपाठ आजींचा आवाज आला. "झालं कल्याण! काय प्रताप करून ठेवलेस हे? आणि अवतार बघ स्वतःचा. ध्यान कुठलं! येऊ दे बाबाला, चांगला प्रसाद मिळेल." नातू काहीतरी पुटपुटला असावा, कारण लगेच पुढचं वाक्य आलं, "पुरे, मुक्ताफळं उधळू नकोस!"

कल्याण, प्रताप, अवतार, ध्यान, प्रसाद, मुक्ताफळं. यातला एकही शब्द शिवी नाही. काशीच्या एखाद्या शास्त्रीबुवांना हे शब्द नुसते कागदावर लिहून दाखवले, तर वर मुंज चालली आहे आणि बटूला आशीर्वाद मिळताहेत, असंच त्यांना वाटेल. बटू त्या वेळी हातात फडकं घेऊन जिना पुसत होता.

शब्दांच्या मागे लागायची खोड असली की असं काही कानावर पडल्यावर चैन पडत नाही. मग कोश उघडावा लागतो. मोल्सवर्थचा कोश 1831 साली आला, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 साली. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड 1932 ते 1938 या काळातले. या जाडजूड खंडांत शब्दाचा मूळ अर्थ देऊन झाला की पुष्कळदा कंसात एक बारकासा 'ल.' येतो. ल. म्हणजे लाक्षणिक. माझा अनुभव असा की मूळ अर्थात शब्द सोवळं नेसून बसलेला असतो आणि या 'ल.'नंतर तो खरा घरातला होतो. ध्यान म्हणजे चित्त एकाग्र करणं, आणि ज्यावर चित्त एकाग्र करायचं ते देवाचं रूपही. तुकोबांना विटेवर उभं दिसलं ते ध्यान, आणि शर्टाची बटणं वरखाली लावून लग्नाला निघालेला भाचा हेही ध्यानच. दोघांकडे पाहताना नजर हटत नाही, एवढं मात्र खरं.

दिव्य या शब्दाचा प्रवास याहून चटका लावणारा, अगदी शब्दशः. जुन्या काळी वतनाचे तंटे साक्षीपुराव्याने सुटले नाहीत की वादीला किंवा प्रतिवादीला दिव्य करावं लागे. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा; हात भाजला नाही तर तो माणूस खरा. देव साक्षीला यायचा म्हणून ते 'दिव्य'. आज कुणी एखाद्याबद्दल "काय दिव्य माणूस आहे!" म्हणालं, तर समजायचं की हात भाजलेत ते बोलणाऱ्याचे.

शिक्षा हे वेदाच्या सहा अंगांतलं एक अंग. उच्चार कसा करावा, स्वर कुठे चढवावा, हे शिकवणारं शास्त्र. हिंदीत तिचा मान शाबूत आहे, तिथे शिक्षा मंत्री असतात. मराठी पोराने हिंदी बातम्यांत ते पहिल्यांदा ऐकलं की त्याच्या पोटात गोळा येतो: शिक्षेसाठी वेगळा मंत्री? शिक्षक म्हणजे शिक्षा करणारा, ही व्युत्पत्ती आमच्या पिढीने पाठीवर शिकलेली असल्यामुळे आम्हाला त्यात फारसं नवल वाटत नाही. यातायातीचंही तसंच. हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक, मराठीत यातायात म्हणजे ओढाताण आणि दगदग. संध्याकाळी सहा वाजता पुण्यातल्या कुठल्याही चौकात उभं राहावं, दोन्ही भाषांचं एकमत झालेलं दिसतं.

ही खोड एकट्या मराठीची नाही, आणि आजकालची तर नाहीच. 'देवानांप्रिय', म्हणजे देवांचा लाडका, हे सम्राट अशोकाचं बिरुद. त्याच्या आज्ञांचे कोरीव तुकडे आपल्या नालासोपाऱ्यालाही सापडले आहेत. पुढे संस्कृत वैयाकरणांनी याच शब्दाचा अर्थ मूर्ख असा नोंदवून ठेवला. सम्राटाची ही गत, तिथे भिक्षूंची काय कथा! स्थविर म्हणजे संघातला वडीलधारा भिक्षू. प्राकृतात तो 'थेर' झाला. कान्हेरी, कार्ल्याच्या लेण्यांतल्या शिलालेखांत हे थेर मोठ्या मानाने येतात. त्यांचा मराठीतला वारस कोण? थेरडा! जुन्या ताम्रपटांत गावातल्या मानकऱ्यांना 'महत्तर' म्हणत, म्हणजे इतरांहून मोठे. राजा जमीन दान द्यायचा तर या मंडळींना कळवून. त्या महत्तराचा झाला म्हातारा, आणि त्याला आता मुलं विचारत नाहीत, कळवणं तर दूरच.

या सगळ्या पडझडीत एक शब्द तेवढा बालंबाल वाचला. संस्कृतातली आर्यिका प्राकृतात अज्जिआ होऊन मराठीत आजी झाली आणि मान राखून राहिली. आजींकडून कुणी मान काढून घेऊ शकेल, असं आमच्या वरच्या मजल्याकडे पाहून मुळीच वाटत नाही.

भाषाशास्त्रात या घसरणीला अर्थापकर्ष म्हणतात. नाव ऐकूनच अपराध्यासारखं वाटतं. पुष्कळांना तर ही भाषेची, आणि लगे हात समाजाचीही, अधोगती वाटते. मला ते पटत नाही. एक तर आपल्याला वाईट गोष्ट वाईट शब्दांत सांगण्याची भीती. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तर ती 'वाढवली', रात्री दुकान बंद केलं तर तेही 'वाढवलं'. मंगल प्रसंगी हातात द्यायचा नारळ, तोच नोकरीवरून काढतानाही देतात. चांगल्या शब्दांना अशी पडेल ती कामं करायला लावल्यावर त्यांच्या धोतराला डाग पडणारच.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. हे शब्द पोथीत बंद राहिले नाहीत. गावोगावी देवळात पुराण होतं, कीर्तन होतं, पंगतीत श्लोक होते. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही अवतार दहा असतात हे ठाऊक होतं. शब्द इतके तोंडचे झाल्यावर ते स्वयंपाकघरात शिरणारच, आणि स्वयंपाकघरात शिरलेल्याला थट्टा चुकत नाही. रोज पुराण ऐकणाऱ्यालाच "पुरे तुझं पुराण" म्हणायचा हक्क असतो. ज्याचा धाक आहे त्याची टिंगल आपण पाठीमागे करतो. समोरासमोर करतो ती जवळच्याची.

याची उलट बाजूही पाहून घ्यावी. महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारी कामासाठी पुष्कळ नवे शब्द घडवले गेले. पदनाम कोश निघाला, त्याला टीकाकारांनी 'बदनाम कोश' म्हणून घेतलं. त्यातले काही शब्द रुळले, काही अजून फाइलीत आहेत. परवान्याला सरकारी कागदात अनुज्ञप्ती म्हणतात. किती स्वच्छ शब्द आहे! ना डाग, ना सुरकुती, कोशात त्याच्यापुढे कुठला 'ल.' नाही. कारण त्याला अजून कुणी घरातच घेतलेलं नाही. फारशीतून आलेला परवाना मात्र "कुणाच्या परवान्याने गेला होतास रे?" असं म्हणत उंबऱ्यात उभा असतो.

तरी अनुज्ञप्तीने धीर सोडू नये. एखाद्या दुपारी पातेलं पुन्हा पडेल, वरच्या मजल्यावरून "सांडासांडीची अनुज्ञप्ती काढून आलायस का रे मेल्या?" असा आवाज येईल, आणि त्या क्षणी तो शब्द मराठी होईल.