सव्वीस आटे

लग्नात मंगलाष्टका चालू असतात, सगळा मांडव अक्षता मुठीत धरून उभा असतो, आणि हा गृहस्थ कार्यालयाच्या मागं आचाऱ्याच्या पोराच्या सायकलीपुढं उकिडवा बसलेला असतो. अंगात सिल्कचा झब्बा, खिशात आहेराचं पाकीट, बोटांना काळंभोर ग्रीस. कुणी हटकलंच तर वर न बघता म्हणतो, "थांबा ओ जरा. लग्नं काय, रोज लागत्यात."

कोल्हापूरला नादाचं वावडं नाही. फुटबॉलवरून इथं पेठाच्या पेठा भांडतात. कुस्ती असली की खासबाग मैदानाच्या पायऱ्यांवर माणूस मावत नाही. त्यामानानं जुन्या लोखंडी सायकलींचा नाद सोवळ्यातला. यात जुगार नाही, मारामारी नाही, बोंबाबोंब नाही. म्हणूनच घरच्यांना तो उशिरा कळतो. कळतो तेव्हा बैठकीच्या खोलीत एक हंबर उभी असते, जिन्याखाली दोन हर्क्युलिस असतात आणि देवघराच्या वरच्या फळीवर, गंगेच्या तांब्याशेजारी, पेपरात गुंडाळलेला एक डायनामो असतो.

आपण यांना रॅलेवाले म्हणू. वय पन्नाशीच्या आगंमागं, नोकरी बँकेत नाहीतर शाळेत. रोजचं फिरणं मात्र स्कूटरवर. "एवढ्या सायकली असून?" असं कुणी विचारलं की ते त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघतात. "ह्या काय चालवायच्या सायकली हाईत व्हय?"

रॅलेवाल्यांच्या लेखी चेनव्हील हा सायकलीचा सातबारा. नाव, रंग, सीट, सगळं खोटं असू शकतं, चेनव्हील सहसा खोटं बोलत नाही. त्यात बगळ्यांच्या माना कोरलेल्या दिसल्या की ती रॅले. बी, एस, ए ही तीन अक्षरं दिसली तर बर्मिंगहॅमच्या बंदुकीच्या कारखान्याची सायकल. आणि फेर धरल्यासारखी पाच माणसं दिसली तर ती हंबर, मग तिचा पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा आहे का ते बघायचं. हे सगळं रॅलेवाले वीस फुटांवरून ओळखतात. दोन्ही पोरी जुळ्या आहेत खऱ्या, पण त्यांना ते अजून एकमेकींच्या नावानं हाक मारतात.

खालोखाल प्रश्न येतो गावाचा. "नॉटिंगहॅमची का आसनसोलची?" रॅले कंपनी नॉटिंगहॅममध्ये १८८७ साली सुरू झाली आणि 'ऑल स्टील' म्हणून मिरवत जगभर गेली. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडं आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला, मद्रासला टी. आय. कंपनी हर्क्युलिस आणि फिलिप्स बनवू लागली. मुंबईची हिंद तर त्याआधीची. आज ज्याच्याकडं नॉटिंगहॅमची आहे तो हा प्रश्न मुद्दाम चारचौघांत विचारतो. ज्याच्याकडं आसनसोलची आहे तो चहाच्या कपात बघत म्हणतो, "लोखंड ते लोखंडच की." रॅलेवाल्यांकडं दोन्ही गावच्या आहेत, त्यामुळं ते माणूस बघून बाजू घेतात.

पण रॅलेवाल्यांची झोप खरी उडवली आहे ती आट्यांनी. सायकलीच्या मधल्या एक्सलला दोन्ही बाजूंनी कप असतात, त्यांत छर्रे बसतात. इतर इंग्लिश कंपन्यांनी या कपांना इंचात चोवीस आटे ठेवले. रॅलेनं ठेवले सव्वीस. का, तर आमचं आमच्यापाशी. म्हणजे लुधियानाचा कप रॅलेत बसत नाही. एकदोन फेरे जातो आणि अडतो. इथंच घात होतो, कारण आपल्याकडच्या घाईच्या मेस्त्रीला अडलेली गोष्ट दिसली की हातोडी आठवते. तो कप ठोकून बसवतो. सायकल चालते, चांगली दहा-पंधरा वर्षं चालते, पण आतले आटे कायमचे गेलेले असतात. त्यातून उजवीकडचा कप उलट्या आट्याचा. ज्याला ते ठाऊक नाही तो सोडवायला म्हणून जीव खाऊन आवळत बसतो. अशी सायकल हाती आली की रॅलेवाले कपाच्या भोकात करंगळी घालून चाचपतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "कुणीतरी हिला चोवीसचा घातलाय." त्या वेळी त्यांच्याशी बोलू नये.

दुसऱ्या गावातल्या माणसानं इथं हात टेकले असते. पण हे बाबूराव पेंटरांचं गाव. परदेशी कॅमेरा महाग पडतो म्हणून ज्यांनी १९१८ साली स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्यांच्या गावात एका कपासाठी कोण रडणार? रॅलेवाले झिजलेला नमुना रुमालात बांधून उद्यमनगर गाठतात. तिथला लेथवाला दिवसभर पंपाचे आणि इंजिनांचे सुटे भाग कापत असतो. तो कप हातात घेतो, उजेडात धरतो, आट्यांचं गेज लावून बघतो.

"सव्वीस? हे कुणी काढलं खुळ्यानं?"

"इंग्लंडच्या."

"मग बरोबर हाय."

संध्याकाळपर्यंत कप तयार. पैसे घ्यायला लेथवाला लाजतो, कारण एवढ्याशा कामाचं बिल कसं करायचं ते त्याला कळत नाही. कप असा बसतो की नॉटिंगहॅमच्या फोरमननं पाठ थोपटावी. आणि रॅलेवाले? ते आठवडाभर उदास. कारण कप चांगला आहे, पण ओरिजिनल नाही. बैठकीत कुणी विचारलं की आवाज खाली नेऊन "बनवून घेतलाय" म्हणतात. पुढचं सगळं आयुष्य मग ओरिजिनल कपाच्या शोधात.

हा शोध खेड्यापाड्यांतून चालतो. कागल, राधानगरी, भुदरगडाकडच्या एखाद्या गोठ्यात, वैरणीला टेकून, अंगावर चार वेळा ऑइलपेंट चढलेली सायकल उभी असते. एके काळी तिच्यावरून दुधाच्या किटल्या गंगावेशीपर्यंत यायच्या. रॅलेवाले सायकलीकडं ढुंकूनही बघत नाहीत. उंबऱ्यावर टेकतात, पावसाचं विचारतात, कारखान्यानं पहिली उचल किती दिली ते विचारतात, म्हशीच्या दाताचंही कौतुक करतात. तासभर झाला की म्हातारा चंची सोडत म्हणतो, "सायकल बगाय आलाईसा न्हवं?"

मग खरा बाजार. पैशाचं नाव काढलं की म्हातारा नाराज होतो. "बाच्या हातची हाय. इकायची न्हाई." शेवटी तोड निघते ती अशी, की म्हाताऱ्याच्या नातवाला नवी कोरी गियरची सायकल आणून द्यायची आणि ही न्यायची. असा व्यवहार पुरा झाला की उंबऱ्याच्या आत म्हातारा आणि बाहेर रॅलेवाले, दोघंही दुसऱ्याला कसं गंडवलं या आनंदात हसू दाबत असतात. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे.

घरी आणलेली सायकल आधी पुसली जाते. हा विधी बघण्यासारखा. रॅलेवाले मागच्या हबवर रॉकेलची चिंधी धरतात आणि अंगठ्यानं हळूहळू फिरवतात. वर शेणाचा थर, खाली तेलाचं किटण, त्याच्याखाली गंज. पाचसात मिनिटांनी धातूवर अक्षरं उमटायला लागतात: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि शेजारी बारीक आकडे, ५४, ३. तीन गियरच्या या हबवर कारखान्यात साल आणि महिना ठोकलेला असतो. म्हणजे मार्च १९५४. रॅलेवाले चिंधी खाली ठेवतात आणि माजघराकडं बघून ओरडतात, "आप्पा, ही तुमच्यापेक्षा चारच वर्षांनी लहान निघाली!" त्या दिवसापासून ते हबला जपून हात लावतात. आप्पांना मात्र, तुमचं आता वय झालं, जिन्यावरून चढउतार करू नका, म्हणून रागावतात.

सीटची गोष्ट वेगळी. ब्रूक्सचं चामडी सीट, तांब्याच्या रिव्हेटा, खाली स्प्रिंगा. आमच्या पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी येते. रॅलेवाले त्याला एरंडेल पाजतात, उन्हात ठेवतात, उठवून बसवतात. एकदा एक तडकलेलं सीट घेऊन ते पापाच्या तिकटीला चपलांच्या गल्लीत गेले. पिढ्यान् पिढ्या कातडं कमावणाऱ्यांच्या घरातला माणूस, याला कळणार नाही तर कुणाला? त्यानं सीट वास घेऊन बघितलं, वाकवलं, नखानं ओरखडलं. "माल एक नंबर हाय साहेब. सालीत कमावलाय, आमच्यासारखाच." रॅलेवाल्यांची छाती फुगली. "ह्यात पोराच्या मापाचा एक जोड आरामात निघंल."

या पंथाचे गुरू म्हणजे पेठेतले म्हातारे सायकल मेस्त्री. चाकाचा आऊट काढावा तर त्यांनीच. नुसत्या तारेच्या आवाजावर कुठली ढिली ते सांगतात. ओव्हरऑइलिंगला सायकल टाकली की छर्रे ग्रीसमध्ये एकेक चिकटवून बसवतात, कॉटर कानशीनं घासून हलक्या हातानं मारतात. पण गुरूंना शिष्याला छळण्याची एक खोड आहे. "तुमचं ते रॉड ब्रेक हो," ते सहज सुरू करतात, "पोतीच्या पोती भंगारात घातली बघा. लोक म्हणायचे वायरचं बसवा. ब्रूक्सच्या सीटा तर चुलीत. दिवे लुकासचे, पोरं दगड मारून फोडायची." रॅलेवाले कानावर हात ठेवतात. दर रविवारी हीच कहाणी, आणि दर रविवारी पोत्यांची संख्या वाढते. आता ती लक्ष्मीपुरीतल्या कुठल्याही गोदामात मावणार नाही एवढी झाली आहे.

रंगावरून पंथात फूट आहे. एका गटाचं म्हणणं, गंज असू दे पण मूळचा रंग राहू दे, काळ्यावरची सोनेरी रेघ जिथं असेल तिथं देवासारखी जपा. दुसरा गट सांगाडा उचलून गोकुळ शिरगावला नेतो आणि आरशासारखं पावडर कोटिंग करून आणतो. दोन्ही गट रंकाळ्यावर पहाटे एकत्र येतात, पण शेजारी सायकल लावत नाहीत. तेवढ्यात जोतिबाकडं निघालेली कार्बनच्या सायकलींवरची चड्डीवाली पोरं थांबतात. "काका, आमची आठ किलोची. तुमची?" रॅलेवाले अभिमानानं सांगतात, "वीसच्या वर भरंल. उचलून दाखव." पोरगं उचलतं, ठेवतं आणि कमरेला हात लावून निघून जातं. दोन्ही गट त्या दिवसापुरते एक होतात.

पुण्याचं कौतुक करायला कोल्हापूरकराची जीभ वळत नाही. तरी रॅलेवाले कर्वेनगरचं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघायला गेले होते. परतीच्या गाडीत सातारा गेलं, कराड गेलं, तोंडातून शब्द नाही. पेठनाक्याला एवढंच बोलले, "त्यांच्याकडं पॅराट्रूपर हाय." दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बी. एस. ए. नं केलेली ती घडीची सायकल. तिच्या दोन नटांना पंख असतात, हातानं सोडवता येतात. घरी येऊन रॅलेवाल्यांनी चार दिवस पंखांचे नट हुडकले. मिळाला एक. आता त्यांच्याकडं एक नट आहे, फक्त सायकल यायची आहे.

२०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं त्रेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा सगळी गल्ली फ्रीज आणि गाद्या वर चढवत होती. रॅलेवाल्यांच्या घरात आधी हंबर चढली. फ्रीज राहिला. पुढं त्याचा विषय काढायचा नाही असं ठरलं आहे, तो फक्त पाहुणे आल्यावर निघतो.

तर ओरिजिनल सव्वीस आट्यांचा डावा कप. तो अखेर सापडला, मिरजेला. तिथंही एक रॅलेवाले आहेत. यांच्याकडं उजवा कप जादा, त्यांच्याकडं डावा जादा. यांना डावा हवा, त्यांना उजवा. साधा हिशेब, पोस्टानंही झाला असता. पण "आधी तुम्ही द्या" यावर गाडी दोन वर्षं अडली. शेवटी दोघांनी मिळून निपाणीकडं तिसरी रॅले घ्यायची आणि तिचे दोन्ही कप वाटून घ्यायचे, असं ठरलं. सायकल आली. चिंधी फिरली. आणि ती निघाली पुरी. दोन्ही कप, चेनकव्हर, पंपाच्या खुंट्या, पितळी घंटा, एक वायसरसुद्धा बदललेला नाही. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. असल्या सायकलीला पाना लावणं पाप. तेव्हा ती तशीच ठेवायची, सहा महिने कोल्हापुरात आणि सहा महिने मिरजेत, यावर शेकहँड झाला. कप दोघांनाही अजून हवेच आहेत.

परवा कोल्हापूरची पाळी संपली. सायकल टेंपोत घालायची म्हणून रॅलेवाले दोरी हुडकत होते, तोवर वहिनी मोबाइल ठेवून बाहेर आल्या.

"मिरजेच्या वहिनींशी बोलतोय मी आत्ता. त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, टेंपो रिकामाच पाठवा. जाताना रिकामा नको म्हणून मी म्हटलं, आमच्या दोन हर्क्युलिस भरतो. तर त्या म्हणत्यात, मग मी येताना आमच्या चार पाठवतो."