डिकीची फळी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम डिकी रिकामी करावी. टोरंटो-मिसिसागाकडच्या मराठी गाडीत हे काम अर्ध्या दिवसाचं असतं. बर्फ खरवडायचा ब्रश, काच धुवायच्या निळ्या पाण्याचा कॅन, नऊ किलोची आट्याची पिशवी आणि मंडळाच्या गणपतीचं मखर, जे ‘पुढच्या शनिवारी नेऊन देतो’ असं ठरलं होतं. हे सगळं निघालं की गालिचा उचलावा. खाली मधोमध खचलेली, कडेला पापुद्रे सुटलेली जी वस्तू दिसेल, तीच फळी.

ती कारखान्यातून येते तेव्हा बहुधा दाबलेल्या भुशाची किंवा पुठ्ठ्याची असते. मोडली की घरात आरोपी ठरलेला असतो: भारतातून आलेल्या सासूबाईंच्या तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा. हा अन्याय आहे. कॅनडात दरवर्षी रस्त्यांवर सुमारे 50 लाख टन मीठ पडतं. बुटांना, फावड्याला, बदललेल्या टायरांना चिकटून ते डिकीत येतं, ओल धरून बसतं आणि फळी महिनोन्‌महिने भिजत राहते. बॅगांनी फक्त शेवटचा धक्का दिला.

आता नव्या फळीसाठी सामान निवडायचं. त्याआधी सल्ला घेऊ नये, पण तो मिळणारच. कोणीतरी काका ॲल्युमिनियमचा चौकटदार पत्रा सुचवतील. दिसायला ट्रकसारखा दणकट. पण 3 मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला आठ किलो भरतो आणि साडेबारा मिलिमीटरचं प्लायवूड सहाच्या आसपास. तरीही मधल्या भागात पत्रा प्लायपेक्षा कितीतरी जास्त वाकतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. शिवाय ॲल्युमिनियम, पोलादी स्क्रू आणि मिठाचं पाणी एकत्र आले की पत्रा स्क्रूभोवती खात जातो. काकांना हे सांगू नये. ते मग जाडा पत्रा आणतील.

एमडीएफ स्वस्त, गुळगुळीत आणि पाणी प्यायला कायम तयार. घरांच्या भिंतींत वापरतात ते ओएसबी बळकट खरं, पण त्याच्या कडा भिजल्या की फुगतात आणि फुगलेल्या पूर्ववत होत नाहीत. प्लास्टिकची जाड शीट भिजत नाही. मात्र सतत ओझं ठेवलं की हळूहळू झोळ पडतो. बाल्टिक बर्च देखणा, भरपूर थरांचा. पण त्यातला बराच माल रशियाचा आणि मार्च 2022 पासून कॅनडाने रशियन मालावर 35 टक्के शुल्क बसवलंय. आट्याच्या पिशवीखाली एवढी शोभा कशाला?

उरलं साधं डग्लस फरचं प्लायवूड. तेच घ्यावं. दुकानात शीट चार बाय आठ फुटांची आणि जाडी मात्र मिलिमीटरमध्ये. देश मेट्रिककडे निघाला आणि लाकडाच्या दुकानात थबकला. साडेबाराऐवजी साडेअठरा घेतलं तर ताठपणा तिपटीहून जास्त, हे वाचून हात शिवशिवतील. पण फळी सहा मिलिमीटर उंच बसते आणि भोवतालचे प्लास्टिकचे तुकडे मग जागेवर येत नाहीत. बहुतेक गाड्यांना साडेबारा पुरतं.

नवशिका चुकतो तो पुढे. प्लायच्या वरच्या थरावर लांब रेघा असतात, त्यालाच ग्रेन म्हणतात. फळी टेकते त्या दोन कडा आधी बघाव्यात. त्या डाव्या-उजव्या बाजूला असतील तर रेघाही डावीकडून उजवीकडेच जायला हव्यात. उलट कापली तर तीच फळी निम्म्याहून कमी ताठ. जुनी फळी फेकू नये, तिच्यावरूनच आखणी करावी. दुकानवाले सरळ काप देतील. चाकाच्या कमानीभोवतीची वळणं जिगसॉने स्वतः कापायची. स्टेपनी काढायला बोट घालायचं भोकही आत्ताच पाडा, हायवेवर पंक्चर झाल्यावर नव्हे. गाडीच्या तळाला मात्र ड्रिल लावू नये, खाली पेट्रोलची टाकी किंवा वायरी असू शकतात.

मग व्हार्निश. बाहेरच्या लाकडासाठीचं घ्यावं, दोन्ही बाजूंना तीन हात द्यावेत आणि कापलेल्या कडांना एक जादा. पाणी शिरतं ते कडेतूनच. पाठ कोणाला दिसत नाही म्हणून ती कोरडी ठेवणाऱ्याने पुढच्या वर्षी हाच लेख पुन्हा वाचावा. हे काम मे ते सप्टेंबरात उरकावं. जानेवारीच्या गॅरेजमध्ये व्हार्निश वाळत नाही, फक्त वास देतं.

फळी बसली की मंडळात बातमी जाते आणि स्पीकर, सतरंज्या, प्रसादाची पातेली तुमच्या नावे लागतात. हो म्हणण्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. त्यात माणसं आणि सामान मिळून किती किलो, ते लिहिलेलं असतं. नव्या फळीने तो आकडा वाढत नाही. जुनीपेक्षा ती जेवढी जड, तेवढं सामान कमीच भरायचं.