मे महिन्यातले शास्त्रज्ञ

पुण्यात उन्हाळ्याची सुट्टी हल्ली मुलांना लागत नाही, काकांना लागते. मुलं सकाळी पोहायला, दुपारी अबॅकसला, संध्याकाळी रोबोटिक्सच्या शिबिराला. त्यांना मे महिन्यात मान वर करायला सवड नसते. रिकामी दुपार उरते ती कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर भागातल्या साठी ओलांडलेल्या गृहस्थांकडे. जन्मभर कंपनीच्या बसने भोसरीला गेलेले, मशीन बंद पडलं की रात्री-अपरात्री बोलावणं आलेले आणि आता घरातलं एकही यंत्र बिघडायला तयार नाही म्हणून कासावीस झालेले हे लोक. एप्रिलच्या मध्यावर त्यांना ‘प्रोजेक्ट’ लागतो.

प्रोजेक्टच्या मुळाशी असतो एटीएम कार्डाएवढा हिरवा बोर्ड: रास्पबेरी पाय. रास्पबेरी म्हणजे महाबळेश्वरहून आणायची सरबताची बाटली, असं मानणाऱ्या पिढीतले हे काका. पण भाच्याने बोर्ड हातात ठेवला आणि आठ दिवसांत त्याची कुंडली काकांना पाठ. जन्म २९ फेब्रुवारी २०१२, मुक्काम केंब्रिज, जन्मतःच किंमत ३५ डॉलर. ‘मोरारजी देसाईंचाही जन्म २९ फेब्रुवारीचाच,’ असं सांगून काका क्षणभर थांबतात आणि ‘त्यात बोर्डाचा काही दोष नाही’ म्हणून संयुक्त महाराष्ट्राचा हिशोब मिटवतात. केंब्रिजला संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या घटली, येणाऱ्यांना प्रोग्रॅमिंग येईनासं झालं, म्हणून इबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना परवडेल, बिघडला तरी आईबाप ओरडणार नाहीत असा हा संगणक काढला. मुलांसाठी काढलेली वस्तू बापमाणसांनी पळवली. झोपाळ्यापासून हेच चालत आलंय.

प्रोजेक्टचा सर्वांत सुखाचा भाग घडतो बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत. गाडी लावायला जागा मिळणार नाही म्हणून काका पीएमटीने अप्पा बळवंत चौकात उतरतात. (पीएमटीची पीएमपीएमएल झाली २००७ साली, काकांना ते कळवण्यात आलेलं नाही.) खिशात लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली यादी. ती बाहेर निघायच्या आत काउंटरवरचा पोरगा विचारतो, ‘काका, टाकी की बाग?’

मे महिन्यात येणारे सगळे काका या दोनच जातींचे असतात. बागवाले कुंडीतल्या तुळशीची माती किती ओली आहे ते मोबाइलवर बघतात. टाकीवाले गच्चीवरच्या टाकीत पाणी किती ते. दोन्ही गोष्टी बोट बुडवून कळतात, पण बोटाचा आलेख निघत नाही.

‘टाकी,’ काका म्हणतात. ब्रेडबोर्ड, जम्पर वायरी, रिले आणि दोन डोळे असल्यासारखा दिसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर भराभर पुढे येतात.

‘सोबत दोन रेझिस्टर घ्या काका. सेन्सर पाच व्होल्ट परत पाठवतो, बोर्डाच्या पिनला ३.३ च्या वर सोसत नाही.’

इथे काकांचा अपमान होतो. ‘अरे, मी जन्मभर चारशे चाळीस व्होल्टवर काम केलंय!’ पावणेदोन व्होल्टांसाठी कोणाचं ऐकून घ्यायचं म्हणजे काय! चार रुपयांचे रेझिस्टर गल्लीतच राहतात आणि आठवडाभरात बोर्डाच्या चाळीस पिनांपैकी एक कायमची गप्प होते. ‘अजून एकोणचाळीस आहेत,’ असं काका काकूंना सांगतात. मुळात चाळिसांतल्या कामाच्या जेमतेम सव्वीस, बाकीच्या बहुतेक वीज आणि अर्थिंगच्या. पण हे काकूंना कुठं माहीत असतं?

यानंतर खरं संशोधन. सेन्सर टाकीच्या झाकणातून आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. काकांनी प्रोग्रॅममध्ये आवाजाचा वेग पुस्तकातला घातलेला असतो, सेकंदाला ३४३ मीटर. तो वीस अंशांचा. चाळीस अंशांना तोच ३५५ च्या घरात जातो. परिणाम असा की, मे महिन्यात पहाटे मीटरभर रिकामी दिसलेली टाकी भर दुपारी, थेंबभर पाणी न चढता, तीन सेंटिमीटर भरते. एखाद्या ऐऱ्यागैऱ्याने तीन सेंटिमीटर सोडून दिले असते. काकांना मात्र हे घबाड वाटतं. तापमान मोजायला आणखी एक सेन्सर, म्हणजे गल्लीची आणखी एक फेरी. बोर्ड श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवलेला. तो ऐंशी अंशांच्या आसपास तापला की आपणहून हळू चालायला लागतो, म्हणून त्याला पंखा. पंख्यातून धूळ येते, म्हणून जाळी. जूनपर्यंत टाकीकडे बघायला कोणाला वेळ नसतो.

गच्ची तशी काकूंची. तिथे कुरडया वाळत घातलेल्या असतात आणि डब्याची वायर बरोबर त्यांच्यावरून गेलेली असते. काकांनी डब्यावर पाटी चिकटवली आहे: ‘यास हात लावू नये. झटका बसत नाही, पण आम्हांस राग येतो.’ काकू हात लावत नाहीत. त्यांना मिक्सर लावायचा असतो, म्हणून त्या खाली स्वयंपाकघरातला प्लग तेवढा काढतात. आज्ञा देऊन रीतसर बंद न करता वीज काढली, तर या बोर्डाचं मेमरी कार्ड कधीकधी बिघडतं. शिवाय आत चालतं घड्याळ नसल्यामुळे (अगदी अलीकडच्या बोर्डात आहे, पण भाचा जुनाच देतो) वीज परत आली तरी इंटरनेट मिळेपर्यंत तो बंद पडला त्याच घटकेला धरून बसतो. सदाशिव पेठेत अशी माणसं आहेत, बोर्ड काकांनी पहिलाच पाहिला.

‘अगं, १९९१ साली सी-डॅकनं इथे पुण्यात परम ८००० बांधला ना, त्याच्यापेक्षा जास्त गणितं हा एवढासा बोर्ड करतो!’

‘मग अहो, टाकी का वाहतेय?’

टाकी खरोखरच वाहत असते. समोरच्या इमारतीतून ओरडून कोणीतरी ते कळवलेलं असतं. ही जुनी यंत्रणा वीज गेली तरी चालते.

काकांनी ज्याच्यासाठी सगळं मांडलं, तो नातू रोबोटिक्सच्या शिबिरातून येतो, डब्यात डोकावतो आणि म्हणतो, ‘आजोबा, हे आम्ही दुसऱ्याच दिवशी केलं.’ मग तो अर्धी ओली कुरडई तोडून खातो. काका खचत नाहीत; कारण दुसऱ्या दिवशी त्यांना शिबिरातल्या मॅडमचा नंबर हवा असतो.

आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून मुलांना भूमिती शिकवली, याबद्दल काकांना नितांत आदर आहे. तक्रार एवढीच, की त्या प्रकल्पांना तपकीर गल्लीत जावं लागत नाही.

पावसाच्या तोंडावर सोसायटीची सभा भरते. काका लॅपटॉपवर दीड महिन्याचा आलेख दाखवतात: निळी रेघ पाण्याची, लाल तापमानाची, मधले तुटलेले भाग मिक्सरचे. सेक्रेटरी नम्रपणे विचारतात, ‘काका, पण यानं पंप आपोआप बंद होतो का?’

‘ते नव्वद टक्के झालंय.’

सभेच्या इतिवृत्तात ठराव लिहिला जातो: गच्चीवरील संशोधनाबद्दल काकांचं हार्दिक अभिनंदन करण्यात येत आहे, आणि टाकीला बाजारातला तयार फ्लोट स्विच बसवण्यात येत आहे. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर. अनुमोदन काकूंचं.