पावित्र्य, भाड्यासह

हवाईच्या मोठ्या बेटावरील वायपिओ दरीच्या व्यवस्थेचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. सरासरी २५ टक्के चढाचा रस्ता धोक्याचा, म्हणून २०२२ साली बाहेरच्या पाहुण्यांना तिथे पायी उतरायलाही बंदी झाली. परवानाधारक सहलीच्या गाडीतून मात्र जाता येते. दरड कोसळताना आधी पावती तपासत असणार. कोणी म्हणेल, जिथे राजांच्या अस्थी पुरल्या तिथे सहली कशाला? पण गाइड पावित्र्याची माहिती देतोच की, तीही भाड्यातच! याच न्यायाने त्या राजांनाही परवाने द्यावेत. इतकी शतके विनापरवाना पडून राहणे नियमाला धरून नाही. राहिले अळूची खाचरे कसणारे. ते अजून याच रस्त्याने रोज फुकट ये-जा करतात.