गाडीचा सातबारा

पत्र दोन ओळींचं होतं, सोबतचं धोरण अकरा पानांचं. शेंद्र्याच्या एका कारखान्यात, स्टोअर्समध्ये, एकोणीस वर्षं नट-बोल्टांचा हिशेब ठेवल्यावर माझी श्रेणी एका पायरीनं वर सरकली होती आणि त्या पायरीवर म्हणे मोटार उभी असते. आधीच्या पायऱ्यांवर मला एकदा फिरती खुर्ची भेटली होती, एकदा खिडकी. मोटार भेटेल असं वाटलं नव्हतं. करमाडला पोचेपर्यंत कंपनीच्या बसमध्ये मी ते पत्र तीनदा उघडलं, आणि दर वेळी घडी घालताना ते खिशापेक्षा थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं.

योजना अशी, की कंपनी मोटार देत नाही. ती एका ठरावीक रकमेपर्यंत भाडेपट्ट्यावर घेते, भाडं आपल्याच पगारातून जातं, पेट्रोलची बिलं कंपनी भरते, आणि या सगळ्या घोळात थोडा आयकर वाचतो. चार वर्षं गाडी दुसऱ्याच्या नावावर. मग उरलेली रक्कम भरली की आपली. रात्री ओट्यावर हे मी आबांना समजावत होतो. ते तुरीच्या शेंगा सोलत होते. हातातली शेंग संपवून, दाणे सुपात टाकून ते म्हणाले, "म्हंजी सातबारा त्यांचा अन् वहिती आपली."

"तसंच म्हणा."

"अन् चार वर्षं वाहिली की आपलं नाव लागतंय?"

"पैसे भरून."

"मग कूळच की आपण," आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम निवांत झाला. मराठवाड्यात या शब्दाला वेगळं वजन आहे. निजामाचं राज्य गेलं, १९५० साली हैदराबादचा कूळवहिवाट कायदा आला, आणि दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या कितीतरी लोकांची नावं हळूहळू उताऱ्यावर चढली. आमच्या आज्याची तीन एकरं त्यातलीच. एचआरच्या साहेबांनी पडद्यावर चाळीस मिनिटं समजावूनही जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते आबांनी एका शेंगेत बसवलं. "कूळ म्हणून घे," ते म्हणाले, "बिनघोर."

बिनघोर होणं मात्र आमच्या मुलखात अवघड. इथे मोटार ही एकट्यानं, गुपचूप घ्यायची वस्तूच राहिलेली नाही. २०१० च्या ऑक्टोबरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, लोकांनी गट करून एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. पासष्ट कोटींच्या घरातला सौदा, आणि स्टेट बँकेचं स्वस्तातलं कर्ज. माणसं कांदे ठोक भावात घेतात तशा. त्यानंतर शहरात कुणी साधी हॅचबॅक घेतली तरी पेढे जरा दबक्या आवाजात वाटतो. पुढे औद्योगिक कॉरिडॉरसाठी करमाड-लाडगावकडच्या जमिनी गेल्या आणि गावात मावेजा आला. मावेजा हा शब्द बाहेरच्यांना कळत नाही. 'मोबदला' म्हटलं की त्यातला मेवा निघून जातो. तेव्हा ज्या उंच पांढऱ्या गाड्या गावात आल्या त्यांना बोळात वळायला जागा नव्हती. त्या वेशीजवळ उभ्या राहायच्या, मालक घरापर्यंत चालत जायचे, आणि रान नसलेल्या माणसाला सकाळी जायला कुठेतरी हवं म्हणून गाडी पुसायला परत यायचे. मी त्यांना हसलो नाही. आमचं रान वाचलं तो नकाशावरच्या रेघेचा योगायोग.

आणि शेंद्र्यात तर २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जातात. नव्याकोऱ्या गाड्या ट्रेलरवर चढून जालना रोडनं जाताना मी वर्षानुवर्षं पाहतोय. अंगावर पांढरी फीत, काचांवर कागद, अंतरपाटाआडून डोकावणाऱ्या नवऱ्या मुलीसारख्या. इतक्या नवऱ्या पाहिलेल्या भटजीला स्वतःच्या लग्नात जशी धाकधूक होत असेल, तशी मला होऊ लागली.

मग अभ्यास सुरू केला. त्यात मला पाच मिलिमीटरची एक गोष्ट सापडली, तिनं मला आठवडाभर झोपू दिलं नाही. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर असते. कामून? २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना कमी कर लागला. तेव्हापासून मोटारींच्या शेपट्या आखडू लागल्या. डिझायर २००८ मध्ये आली तेव्हा चांगली ४१६० मिलिमीटरची होती. २०१२ साली नवी आली ती ३९९५. मधली बोट-दोन बोटं नव्हे, वीतभर डिकी दिल्लीच्या कागदात विरघळली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीतही तेच: आत बसलात तर अठरा टक्के, बाहेर राहिलात तर चाळीस. मी स्टोअर्सचा माणूस, मापात चूक झाली तर माल परत पाठवतो. पण एवढ्या मोठ्या देशातल्या मोटारी दारात आलेल्या पाहुण्यासारख्या अंग चोरून, पोट आत घेऊन उभ्या आहेत हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी माया वाटायला लागली. राहिलेले पाच मिलिमीटर बहुधा श्वास सोडण्यासाठी असावेत.

रविवारी आम्ही पाचजण चिकलठाण्याकडच्या शोरूमांमध्ये गेलो. माझ्या हातात कागद: ऑन-रोड किंमत, ॲव्हरेज, एअरबॅगा, श्रेणीची मर्यादा. बाकी चौघं आपापली मापं घेऊन आले होते. मुलीला सनरूफ हवं होतं. आबांनी त्याचा दर विचारला आणि म्हणाले, "छताला भोक पाडायला पैशे? आपल्या गोठ्याच्या पत्र्याला फुकट हायेत." बायकोनं डिकी उघडून त्यात गव्हाचा कट्टा आडवा बसतो का उभा, हे हातानं मोजलं. आबांनी बॉनेटवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं, मान तिरपी करून आवाज ऐकला, मग चाकाशी उकिडवे बसले. तरुणपणी ते बैलबाजारातले जाणकार. दात पाहून वय सांगायचे. इथे दात दिसेनात म्हणून ते बेचैन होते. सौद्याची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना ओळखीचं काही दिसलं. विक्रेता मुलगा "मॅनेजरशी बोलून येतो" म्हणून काचेच्या केबिनमध्ये गेला, आत दोघांचे ओठ हलले, तो बाहेर आला, पुन्हा गेला. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. आबा माझ्या कानाशी लागले, "ह्यांचा रुमाल काचेचा हाय."

मायचं माप गुडघ्याचं होतं. ती काहीच विचारत नव्हती. प्रत्येक गाडीजवळ जायची, दार उघडायला सांगायची, आधी पाठमोरी होऊन बसायची, मग निऱ्या गोळा करून एक पाय आत, मग हातानं उचलून दुसरा. उंच गाडीला ती म्हणाली, "माचाणावर चढल्यावानी वाटतंय." बुटक्या गाडीतून उठताना तिनं माझा हात धरला आणि काही बोलली नाही. विक्रेता ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा सांगत होता. तिनं त्याला विचारलं, "लेकरा, तुही माय कशात बसती?" तो मुलगा क्षणभर थांबला आणि आकडा न सांगता तिसऱ्या रांगेतल्या एका राखाडी गाडीकडे घेऊन गेला. मायनं पाठ टेकवली, निऱ्या आवरल्या, पाय आत घेतले. हात लावावा लागला नाही. माझ्या कागदावर ही गाडी चौथ्या क्रमांकावर होती. मी कागदाची घडी घातली. लांबी विचारली, ३९९५.

कागदपत्रं भरताना अकरा पानांमधलं सातवं पान लागलं. गाडीचा 'कार्यालयीन' वापर आणि 'वैयक्तिक' वापर. आयकरवाल्यांकडे याचाही हिशेब आहे. दोन्हींसाठी मिळून वापरलेल्या कंपनीच्या गाडीला, इंजिन १६०० सीसीच्या आत असेल तर, त्यांनी वर्षानुवर्षं महिन्याला १८०० रुपयांचं सुख धरलेलं होतं. त्यापुढच्या इंजिनाला २४००. ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. मी स्वतःच चालवणार असल्यानं माझ्या चालवण्यात सुख धरलेलं नाही, हे वाचून बायको बराच वेळ हसत होती. शिवाय कंपनीची एक वही: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, हेतू. आमच्या घरात चाकाचं याआधीचं वाहन म्हणजे बैलगाडी. ती सकाळी शेणखत न्यायची, दुपारी लग्नाचं वऱ्हाड, संध्याकाळी दवाखान्यात कुणाला तरी. तिचं कार्यालयीन कोणतं आणि वैयक्तिक कोणतं, हे बैलांनाही सांगता आलं नसतं.

गाडी आली, एमएच २० चा नंबर मिळाला, आणि पहिली फेरी कुठे हे कुणी ठरवलंच नाही. ते ठरलेलंच होतं. खुलताबादचा भद्रा मारुती. तो झोपलेला मारुती आहे, आडवा, निवांत. माझ्या लहानपणी श्रावणातल्या शनिवारसाठी माय आदल्या रात्री शहरातून खुलताबादला चालत जायची. रात्रभर त्या रस्त्यावर माणसांची रांग लागते, ठिकठिकाणी चहा असतो. दौलताबादचा घाट ती अनवाणी चढायची आणि पहाटे मला खांद्यावरून उतरवून म्हणायची, "हळू बोल, देव निजलाय." मला तेव्हा वाटायचं, आपण एवढे चालून आलो आणि हा झोपलेला कसा? तिला तसं कधी वाटलं नाही. दमलेल्या माणसाला दमलेला देव बरा वाटत असावा.

त्या घाटात आता गाडी दुसऱ्या गिअरवर होती. माय पुढच्या सीटवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, जणू तेही आज पाहुणे म्हणून आलेत. वळणावर तिनं खिडकीतून रस्त्याची कड पाहिली. "इथं माह्या पायात काचा गेल्ती," ती म्हणाली. मी गाडी हळू केली. "चाल, चाल," ती म्हणाली, "आता कुठं गेलीय." मंदिरात तिनं नारळ फोडला, गाडीला हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. देव झोपलेलाच होता. आबांनी माझ्या कानात विचारलं, "ह्याच्या नावावर हाय ते कळलं का ह्याला?" मी म्हटलं, ही मारुती नाही, दुसऱ्या कंपनीची आहे. ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "असू दे. कुळाला काय."

महिनाअखेरीस वही भरायला बसलो. करमाड ते शेंद्रा, नऊ किलोमीटर, कार्यालयीन. अशा चाळीस-बेचाळीस ओळी, एकीसारखी दुसरी, नट-बोल्टांसारख्या. सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, करमाड ते खुलताबाद आणि परत. किलोमीटर लिहिले. 'हेतू'च्या रकान्यात आधी 'वैयक्तिक' लिहिलं, खोडलं. 'देवदर्शन' लिहिलं, तेही खोडलं. ती त्या दिवशी देवापेक्षा रस्ताच जास्त पाहत होती. शेवटी तिथे 'वहिती' असं लिहून वही दिली. तीन महिने झाले, अकाउंट्समधून अजून कुणी काही विचारलेलं नाही.