न निघालेल्या सिनेमांचं पार्श्वसंगीत

या माणसाने आजवर बावीस चित्रपटांना पार्श्वसंगीत दिलं आहे. त्यातला एकही चित्रपट निघालेला नाही आणि निघायचाही नाही, कारण ते कुणी लिहिलेलेच नाहीत. नायक, नायिका, पाऊस, न टाकलेलं पत्र, सगळं याच्या डोक्यात. बाहेर येतात ती फक्त व्हायोलिनं.

पूर्वी गावात एखादा कवी असायचा आणि लोक त्याला बघून रस्ता बदलायचे. ती जागा आता इन्स्ट्रुमेंटल, सिनेमॅटिक, इमोशनल संगीत करणाऱ्या स्वतंत्र कलाकाराने घेतली आहे. स्वतंत्र म्हणजे ज्याला अजून कुणी काम दिलेलं नाही असा. तालुक्यागणिक एक तरी सापडतो. पळसदरीचा नमुना मला जास्त ठाऊक, कारण त्याची आणि माझी भिंत एकच आहे.

त्याचा स्टुडिओ माळ्यावर. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. त्याने घुमणं थोडं कमी होतं, आवाज अडत नाही, हे मी भिंतीच्या अलीकडे राहून छातीठोकपणे सांगू शकतो. दाराला जुनी गादी. आधी त्याने स्पंजचे काळे चौकोन मागवले होते, पण जुलैत त्यांना बुरशी धरली आणि आईने ते काठीने उचलून उकिरड्यावर नेले. एक कॉम्प्युटर, एक छोटा कीबोर्ड, दोन स्पीकर. ऑर्केस्ट्रा मात्र साठ-सत्तर माणसांचा. परदेशातल्या कुठल्याशा स्टुडिओत वादकांनी एकेक सूर वेगवेगळ्या जोराने वाजवून ठेवलेला असतो, तो सगळा साठा हार्ड डिस्कवर विकत मिळतो. पट्टी दाबली की अठरा व्हायोलिनं एकसाथ उसासा टाकतात. वीज गेली की अठराच्या अठरा जागच्या जागी गप्प. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज केव्हा जाईल याला ताल नाही, त्यामुळे त्याच्या बऱ्याच रचना पावसाळ्यात अर्धवट राहतात. लोकांना तो सांगतो की शेवट मुद्दाम मोकळा सोडलाय.

रचनेची वाट मला पाठ झाली आहे. सुरुवातीला एकटा पियानो, तारांवर कापड टाकून वाजवावा तसा दबका. चार कॉर्ड, डी मायनर. मिनिटाला साठ-पासष्ट ठोके. मिनिटभराने चेलो शिरतो. मग व्हायोलिनं, आधी खालून, मग वरून, त्याच चार सुरांची गरगर. दोन मिनिटं झाली की मोठे ढोल पडायला लागतात आणि माझ्या फडताळातल्या वाट्या वाजतात. मग एकाएकी सगळं बंद. एकच पट्टी, आणि तिचा लांबत गेलेला घुमारा. तो पुरता विरायच्या आत खालून आईचा आवाज येतो,

"कोण गेलं रे?"

नावं इंग्रजीत असतात. ‘टिअर्स ऑफ मान्सून’, ‘द लास्ट प्लॅटफॉर्म’, ‘व्हेन शी लेफ्ट’. यातली ती सोडून गेलेली कोण, यावर पळसदरीत बराच काथ्याकूट झाला. गेली म्हणायला आधी कुणी आलेली गावाच्या पाहण्यात नव्हती.

आता या गावात निवांतपणे रेकॉर्डिंग करायचं म्हणजे काय, हे इथला नकाशा बघितल्याशिवाय कळणार नाही. बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली, तेव्हापासून पळसदरी घाटाच्या पायरीवर बसून आहे. पुढे सदतिसास एक असा चढ, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. गाडी इथून जाते ती पुढूनही ओरडत आणि मागूनही. शिवाय कर्जत-खोपोली लोकल वेगळी. चेलो हार्ड डिस्कवरचा असला तरी पत्र्यावरचा पाऊस आणि आजोबांची पेटी त्याला ‘रिअल’ लागते, आणि माइक उघडला की पेटीच्या षड्जावर मालगाडीचा भोंगा येऊन बसतो, तोही बेसूर.

इथे वडील उपयोगी पडतात. ते बँकरवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मुलाचं संगीत त्यांना कळत नाही, पण भिंतीपलीकडून गेलेल्या गाडीला मागे किती इंजिनं होती हे ते डोळे मिटून सांगतात. रात्री अकरानंतर जिन्याच्या खालच्या पायरीवर घड्याळ घेऊन बसतात. "थांब, डाऊन येतेय. जाऊ दे… अजून मागचे दोघं जायचेत… हां, घे आता. बारा मिनिटं मोकळी आहेत." मुलगा वर पेटीचा भाता उघडतो. अकराव्या मिनिटाला खालून "आवर" अशी हाक येते आणि ती रचनेच्या सर्वांत नाजूक जागी रेकॉर्ड होते. ‘द लास्ट प्लॅटफॉर्म’ हेडफोन लावून ऐका, दोन मिनिटं चाळिसाव्या सेकंदाला एक पुरुष "आवर" म्हणतो. एका श्रोत्याने ही कल्पना फार भेदक असल्याचं कळवलं होतं.

सिनेमा नसताना सिनेमाचं संगीत कशाला, असं विचारलं की तो चिडत नाही, दाखले देतो. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मागे कुठे पिक्चर होतं? शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांनी संतूर, गिटार आणि बासरीवर काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा सकाळ ते रात्र असा दिवस उभा केला. शब्द नाही, पडदा नाही. दुसरा दाखला अँथनी गोन्साल्विस यांचा. ते गोव्याचे, माजोर्ड्याचे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवून, इतरांच्या चाली सजवून पोट भरलं, आणि १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद बसवून, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना सोबत घेऊन, स्वतःच्या मनातलं हिंदुस्थानी सिम्फनीचं संगीत वाजवलं. पुढे ते अमेरिकेला गेले, सिनेमाची लाइन सुटली आणि जगाच्या लक्षात राहिलं ते शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली त्यांचं नाव घालून केलेलं ‘अमर अकबर अँथनी’मधलं गाणं.

दाखले बिनचूक आहेत. फक्त त्या मेंढपाळाच्या दिवसात पहाटेला अहीर भैरव आहे आणि संध्याकाळ वेगळ्या रागाची आहे. आमच्या माणसाची पहाट, दुपार आणि तिन्हीसांज तिन्ही डी मायनरमध्ये आहेत. हे मी त्याला एकदा सांगितलं. "काका, इमोशन ग्लोबल असतं," तो म्हणाला.

कमाईचं काय? स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात, आणि २०२४ पासून असा नियम आहे की आधीच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याला दमडी मिळत नाही. म्हणून सगळे नातेवाईक कामाला लावलेत. डोंबिवलीची मावशी रोज इमानाने लावते आणि एकतिसाव्या सेकंदाला बंद करून पुढचं लावते. पियानो एकटा असतो तोवरच मावशीची हजेरी. भाच्याचा चेलो तिने अजून ऐकलेला नाही. बाविसांच्या बावीस रचना शेवटपर्यंत ऐकणारी बाई एकच, त्याची आई. भाकऱ्या थापताना फोन वाजत असतो आणि हात पिठाचे असतात.

खरा पैसा आला तो भलत्याच दारातून. चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभारला, तिथे ‘जोधा अकबर’चे महाल उठले, तेव्हा शाळकरी असलेल्या याला वाटलं होतं की सिनेमा आता दारात आला. दारात आला तो प्लॉटवाला. कर्जत-खालापुरात ज्याच्याकडे पाच गुंठे विकायला आहेत तो आधी ड्रोन उडवतो. तलाव, डोंगर, ढग, मग सिमेंटची कमान आणि ‘फेज टू’. त्याखाली संगीत पाहिजे. ‘व्हेन शी लेफ्ट’ वाजवून पाहिलं, गिऱ्हाईक गाडीत बसल्या बसल्या हळवं झालं आणि टोकन देऊन गेलं. आता ती सोडून गेलेली बाई तीन फार्महाऊस स्कीमा विकते.

मग पुढाऱ्याचे पोरगे आले. भाऊंचा वाढदिवस. भाऊ पांढऱ्या गाडीतून संथ गतीने उतरतात, केसांवरून हात फिरवतात, मागे पोरांचा घोळका. संगीत, सीमेवरून परत न आलेल्या जवानाच्या आईचं. ढोल पडायला लागले तसे भाऊंनी हात जोडले, अगदी मापात. व्हिडिओ पाहून आईने नेहमीचा प्रश्न विचारला आणि घरातल्यांनी घाईने खिडकी लावून घेतली.

हळदीवाल्यांनी मात्र त्याची परीक्षा पाहिली. आमच्याकडे हळद म्हणजे बेंजो, डीजे आणि पहाटेपर्यंत नाच. खालच्या आळीतल्या मुलीचा भाऊ येऊन म्हणाला, "दादूस, नवरीच्या एंट्रीला तुझं ते रडकं पायजे. खाली फक्त जरा बेस टाक. आन चाळीस सेकंदांत सगला झाला पायजे, तवर ती पाटावर येते." दोन दिवस याने कलेच्या पावित्र्यावर बोलून घालवले. तिसऱ्या दिवशी बेस टाकला.

मला विचाराल तर ती चाळीस सेकंदं त्याची आजवरची सर्वांत चांगली चीज आहे. पियानोला मिनिटभर उसासे टाकायला सवड नव्हती, चेलोला लगेच यावं लागलं, आणि समोर खरीखुरी एक मुलगी मंडपाच्या तोंडापासून पाटापर्यंत चालत येणार होती. सिनेमाचे जुने अरेंजर पडद्यावरचा प्रसंग बघून, सेकंद मोजून सूर लिहायचे. बाई दार उघडते तिथे काय आणि वळून बघते तिथे काय. पार्श्वसंगीताला पुढे कुणीतरी लागतं. त्या रात्री आळीतल्या बायका रडल्या, डीजेवाल्याने तुकडा दोनदा लावला, आणि माळ्यावरून त्याचं पत्रक निघालं की हे काम त्याने टोपणनावाने केलं आहे, मूळ नावाशी त्याचा संबंध जोडू नये.

अखेर खराच सिनेमा आला. खोपोलीचा एक पोरगा, नऊ मिनिटांची शॉर्टफिल्म, बजेट मित्रांचं. सातव्या मिनिटाच्या सुरुवातीला नायक तलावाकाठी मरतो. आमच्या माणसाने ती चार वेळा पाहिली, डोळे पुसले, आणि दहा दिवस दार लावून बसला. वडिलांनी जिन्यावर घड्याळ घेऊन पहारा दिला. संगीत तयार झाल्यावर पोराला बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून असेल.

अडचण अशी झाली की नायक सहा मिनिटं दहा सेकंदांना प्राण सोडत होता आणि ढोल पडत होते सहा मिनिटं चाळीसला. मधली तीस सेकंदं प्रेत नुसतं पडून, वर व्हायोलिनं चढत चाललेली.

"ढोल अलीकडे घेता येतील ना?" पोरगा दबकत म्हणाला.

"बिल्डअप मोडतो. तू असं कर, त्याला अजून अर्धा मिनिट जिवंत ठेव."

पोराने माझ्याकडे पाहिलं, जिन्यातल्या वडिलांकडे पाहिलं.

"जमलं असतं दादा, पण हिरो रसायनीला कंपनीत लागला. पहिल्याच दिवशी दाढी काढायला लावली त्याला."

"मग क्लीन शेव्ह मरू दे," हा म्हणाला. "इमोशन तेच राहतं."

खालून वडिलांनी आवाज दिला, "लवकर ठरवा काय ते. कोयना येतेय."