मा. हॉर्नबी साहेबांस महालक्ष्मीच्या दर्शनाचं आग्रहाचं निमंत्रण

प्रति,
मा. विल्यम हॉर्नबी साहेब,
माजी गव्हर्नर, मुंबई इलाखा

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्ता ठाऊक नसल्यानं खुलं पत्र लिहितो आहे. तुमच्या नावाच्या रस्त्यावर पाठवलं असतं, पण हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला आणि समुद्र अडवून तुम्ही जो बांध घातलात, त्याचा लाला लजपतराय मार्ग. राग मानू नका. आमच्याकडे रस्त्यांचे खड्डे बुजतात कमी आणि नावं बदलतात जास्त.

बांधाची कहाणी मात्र आम्ही विसरलेलो नाही. महालक्ष्मी आणि वरळीमधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं, ते अडवायला तुम्ही भिंत घालायला घेतलीत. विलायतेतल्या कंपनीची मंजुरी यायची वाटही पाहिली नाहीत म्हणतात. (हा गुण आमच्याकडे पुढे फार फोफावला.) भिंत बांधावी आणि समुद्रानं पाडावी, असं चाललं होतं. मग भिंतीच्या कामावरचे इंजिनिअर रामजी शिवजी प्रभू यांच्या स्वप्नात देवी आली. म्हणाली, मी समुद्रात पडून आहे, मला आधी बाहेर काढ. मूर्ती निघाल्या आणि भिंत टिकली. कहाणी खरी की खोटी, ते तुम्हीच जाणा. पक्कं देऊळ व्हायला मात्र 1831 साल उजाडलं, आणि तेही व्यापारी धाकजी दादाजींच्या खर्चानं. सरकारनं काम उरकून घ्यावं आणि देवाचं भक्तांनी बघावं, ही वाटणी तेव्हापासूनच दिसते.

तर एकदा दर्शनाला या. नवरात्रात आलात तर उत्तम, म्हणजे तुमच्या मुंबईची लोकसंख्या एकाच रांगेत पाहायला मिळेल. भुलाभाई देसाई रोडवरून गल्लीत वळलात की दोन्ही बाजूंनी हाका येतील, ‘‘या शेठ, चपला इथं ठेवा, पैसे नाहीत!’’ पैसे खरोखरच चपलांचे नसतात. चपला ठेवल्यावर हातात ओटीचं ताट येतं. खण, नारळ, हिरव्या बांगड्या आणि वर एक कमळ, त्याचे असतात. तेच कमळ गाभाऱ्यात पोचल्यावर किती वेळ देवीपुढे राहतं, हे विचारू नये. भक्ताला तरी कुठं जास्त राहू देतात? महाकाली, मधे महालक्ष्मी, मग महासरस्वती. तिघींपैकी कुणाकडे काय मागायचं हे ठरेपर्यंत ‘‘चला, चला, पुढे चला’’ सुरू होतं, आणि महासरस्वतीकडे मागायची बुद्धी राहूनच जाते. शिवाय दिवसभर दिसतात ते सोन्याचे मुखवटे. मूळ रूप पाहायचं तर रात्री, देवी निजायच्या आधी थोडा वेळ.

बाहेर आलात की मागच्या बाजूला समुद्राकडे या. गरम भजी खा. आणि समोर बघा, म्हणजे तुम्हाला आपण किती किरकोळ माणूस होतो ते कळेल. तुम्ही एक खिंडार बुजवलंत. आम्ही शंभरावर हेक्टर समुद्र बुजवला आणि त्यावरून कोस्टल रोड नेला. तुमचं काम समुद्रानं थांबवलं होतं. आमचं जुलै 2019 मध्ये हायकोर्टानं थांबवलं, पण डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. देवीला कुणाच्या स्वप्नात यायचंच असेल, तर तेवढ्या पाच महिन्यांत यायला हवं होतं. आता आली तरी इंजिनिअर म्हणेल, ‘‘मातोश्री, सल्लागाराचा अहवाल आणा.’’

तळातून आम्हीही काही उचललं बरं का. वाटेत प्रवाळ निघाले, ते दुसरीकडे नेऊन बसवले. त्यांना देऊळ नाही. कोळ्यांनी मात्र स्वप्नाची वाट न बघता वरळीला समुद्रातच काम अडवलं. होड्या जायला दोन खांबांमध्ये 160 मीटर द्या म्हणाले. आराखड्यात होते 60. शेवटी 120 वर मिटलं. ओटीच्या ताटाचीही घासाघीस अशीच मिटते, फक्त तिथं पोटाचा प्रश्न एकट्या फुलवाल्याचा असतो.

एवढं सगळं झालं तरी देवी आहे तिथंच आहे, पाठीशी समुद्र घेऊन. फक्त तिच्या आणि त्याच्या मधून आता गाड्या धावतात. भक्तांनाही तक्रार नाही. मलाही नाही, दक्षिण मुंबईतलं माझं ऑफिस जवळ आलं, भजी खाताना गार वाऱ्याबरोबर थोडं हॉर्नचं संगीत येतं, एवढंच.

येण्याबद्दल एक सूचना. तुम्ही बग्गीनं येणार असाल, तर कोस्टल रोडकडे वळू नका. तिथं टांगे, बैलगाड्या, हातगाड्या, सायकली, दुचाक्या आणि पायी चालणारे, सगळ्यांना बंदी आहे. पेडर रोडनं या. तिथं संध्याकाळी घोडा मोटारीच्या पुढे जातो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रांगेतला एक